एप्रनवरचं तिखट
शेजारी कुणी वर्षाचं तिखट कुटायला काढलं की मी अजूनही खिडक्या लावून घेते, खोकला येतो म्हणून नाही, राग येतो म्हणून. मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला जाणार होते. प्रयोगशाळेत घालायचा एप्रन गांधीबागेतल्या कापडबाजारातून पांढरं कापड आणून मी स्वतः शिवला होता, अगदी काजांसकट. जर्नलांना खाकी कव्हरं घातली होती आणि एप्रन नीळ देऊन, खळ घालून खुंटीला टांगला होता. कॉलेज उघडायला दोन दिवस राहिले होते. मैत्रिणीकडून टाइमटेबल उतरवून घरी आले, तर अंगणात मोठा भाऊ भिवापूरच्या मिरच्या कुटत होता आणि त्याच्या अंगात माझा एप्रन होता, बाह्यांपासून खिशापर्यंत लाल. "काढ तो," मी म्हटलं. "आईनंच देला," तो हसून म्हणाला. आई चाळणीवरून मान वर न करता बोलली, "त्याचा शर्ट खराब झाला असता वं. तुहा तं धुतला का निघते." मी तीनदा धुतला. लाल गेलं, पिवळे डाग राहिले. पहिल्याच प्रॅक्टिकलला बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "निदान धुतलेला तरी घालून यावा." लग्नानंतर माहेरचं तिखट मी कधीच आणलं नाही. आई दरवर्षी विचारायची, "काहून वं?" शेवटी एकदा सांगून टाकलं. ती म्हणाली, "एप्रन नाही आठवत वं. त्याचा तो निळा शर्ट मात्र लय दिवस टिकला."