धाकटीनं उचललेलं वजन

सत्तरी गाठली तरी सगळे तिला धाकटीच म्हणत. धाकटी म्हणजे धाकटी जाऊ. थोरली तिच्याहून थोडीशीच मोठी. दोघी एकाच घरात सुना म्हणून आल्या आणि एकाच लाँड्रीत कामाला लागल्या. पुढे नवरे गेले, लाँड्री बंद पडली, दोन खोल्यांत दोघी उरल्या.

लाँड्रीत त्यांच्याकडे ओल्या चादरी पिळायचं काम होतं. हॉटेलांच्या जाडजूड, पांढऱ्या चादरी. एक टोक थोरलीच्या हातात, दुसरं धाकटीच्या. समोरासमोर उभं राहायचं, आपापल्या उजवीकडं पीळ द्यायचा आणि दोघींनी एकदमच मागं रेलायचं. एकीनं सोडलं की दुसरी थेट हौदात. खोलीत एवढी वाफ असायची की समोरचा चेहरा दिसायचाच नाही. चादरीतून ओढ यायची, त्यावरून धाकटीला कळायचं, आज थोरलीचं नवऱ्याशी वाजलंय. कधी ओढ मऊ यायची. तेव्हा वाटायचं, आपण जमिनीवर नाहीच, त्या पांढऱ्या धुरात कुठंतरी टांगलेल्या आहोत, आणि काही बिघडत नाही.

मग थोरली मोरीत घसरून पडली. हाड जुळलं, पण पायांतलं बळ गेलं ते गेलंच. खुर्चीतून पलंगावर न्यायला कुणीतरी लागायचं. धाकटीनं एकदा उचलायला घेतली, तर दोघी फरशीवर बसल्या आणि शेजारीण येईपर्यंत खिदळत राहिल्या.

थोरलीच्या लेकाला मात्र हसू आलं नाही. "काकू, असं नाही चालायचं. मी वृद्धाश्रमात बोलून ठेवलंय. आईची सोय होईल तिथं."

"आणि मी काय इथं भिंतींशी गप्पा मारू?"

"तुला झेपतंय का ते सांग. एकटीनं उठवून दाखव, पुन्हा विषय काढणार नाही. पोरांना सुट्टी लागली की येतो."

तो गेला. धाकटीनं चपला घातल्या आणि कोपऱ्यावरच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानावर जिम होती, तिथं जिना चढून गेली. आत आरसेच आरसे, रबराचा वास. शिकवणारी बाई धाकटीची लेक शोभेल एवढ्या वयाची, दंड असे की रोज विहीर उपसत असावी.

"मावशी, वजन कमी करायचंय?"

"उचलायचंय."

"केवढं?"

"माझ्या जावेएवढं."

बाईनं तिच्यापुढं नुसता दांडा ठेवला, वजनाच्या चकत्या न लावता. धाकटीनं तो गच्च धरला, टाचा रोवल्या, मागं रेलली आणि थांबली. काहीच झालं नाही. आणखी रेलली, तशी धडपडत भिंतीला जाऊन टेकली.

"अहो मावशी, मागं कुठं निघालात?"

"ती ओढेल म्हणून थांबले."

"कोण ती?" धाकटीनं चादरींचं सांगितलं. बाई हसली नाही. म्हणाली, "इथं पलीकडं कुणी नाही. हे लोखंड आहे, त्याला तुमची काही पडलेली नाही. अंगाशी घ्या. खुर्चीत बसल्यासारखं कंबरेतून मागं बसा, आणि पायांनी जमीन ढकला. हातांनी नाही, पायांनी."

आयुष्यभराची सवय, ती काय लगेच सुटते? दांडा हातात आला की अंग आपोआप मागं कलायचं, वाट बघायचं. बाई पाठीवर बोट ठेवायची, "पुन्हा थांबलात." घरी आल्यावर मांड्या अशा भरून यायच्या की धाकटी भिंत धरून चालायची.

थोरली खुर्चीतून बघायची. "आता काय कुस्तीला उतरणार? दाखव बघू दंड. शी, अजून लोंबतंय."

"तुमच्यावरच सराव करते, या."

"मी काय तुझं डंबेल आहे?"

दुपारी डोळा लागला की धाकटीला पांढरं दिसायचं. वाफ, वाफेत दांडा, आणि आपण त्याच्यासकट हळूहळू वर चाललोय. छताला टेकायच्या आत जाग यायची. हळूहळू दांड्याला चकत्या लागल्या, छोट्या, मग बऱ्यापैकी. एके दिवशी जिना चढताना तिच्या ध्यानात आलं की कठडा धरलेलाच नाही. मध्येच थांबून ती आपल्याच पायांकडं बघत राहिली, जणू ते कुणीतरी उसने दिले होते.

सुट्टी लागली. लेक आला, दारातच उभा राहिला.

धाकटी खुर्चीपुढं आली, पाय फाकवून वाकली. थोरलीचे हात आपल्या गळ्यात घेतले, स्वतःचे तिच्या पाठीमागं गुंफले. थोरलीचं अंग लोखंडासारखं नव्हतं. गरम होतं, भ्यालेलं होतं, कानाशी भराभर श्वास टाकत होतं.

"पाडशील गं."

"पाडलं तर दोघी पडू. चला."

क्षणभर धाकटीचं अंग मागं कललं. पलीकडून ओढ आली नाही. मग ती कंबरेतून मागं बसली, थोरलीला अंगाशी घेतलं आणि पायांनी फरशी ढकलली. फरशी खाली गेल्यासारखी वाटली, आणि दोघी उभ्या होत्या.

पलंग दोन पावलांवर. धाकटी वळायला लागली, तर थोरली म्हणाली, "थांब. लगेच ठेवू नकोस."

"दुखतंय का?"

"नाही गं. बघू दे जरा." खुर्चीतून तिला खिडकीतलं नुसतं आभाळ दिसायचं. आता समोरची गच्ची दिसत होती. "समोरच्यांनी हिरवा रंग दिला होय?"

"कधीच."

"कसला घाणेरडा दिसतोय."

"काकू, दमशील," लेक म्हणाला.

"गप रे," दोघी म्हणाल्या.

दोघी तशाच उभ्या राहिल्या, एकमेकींच्या श्वासावर हलक्या डुलत. कोण कुणाला धरून आहे, ते बघणाऱ्याला सांगता आलं नसतं. लेकानं हातातली गाडीची किल्ली खिशात टाकली आणि पलंगावरचं पांघरूण बाजूला करून आईसाठी जागा केली.