सुरणाची गोष्ट

पीयूष दिघेचे वडील रेल्वेत होते. घरी ते जे गुजराती मिसळलेलं मराठी बोलत, त्याच्या नकला करून करूनच पीयूष बडोद्यात विनोदवीर म्हणून ओळखला जाऊ लागला. पस्तिशी उलटल्यावर कार्यक्रम कमी झाले, तसा त्यानं फतेगंजच्या एका फ्लॅटमध्ये पॉडकास्ट सुरू केला. नावाजलेल्या माणसांना बोलवायचं आणि हसवत हसवत बोलतं करायचं. पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी मोठी माणसं फोन उचलेनाशी झाली, आणि जी येत त्यांचं बोलणं कुणी शेवटपर्यंत ऐकेना.

अशात मालविका घारपुरे यायला तयार झाल्या. एके काळी बाईंच्या नावावर गुजराती नाटकांना गर्दी व्हायची. पुढे हिंदी मालिकांत त्यांनी वीसेक वर्षं सासवा रंगवल्या. सत्तरी ओलांडल्यावर मुंबई सोडून त्या बडोद्याला मुलीकडे, आकांक्षाकडे राहायला आल्या होत्या.

मुलाखतीत त्यांनी सुरणाची गोष्ट सांगितली. लहानपणी आईनं त्यांना खंडेराव मार्केटात धाडलं होतं. सुरणाला माती फार, म्हणून त्या भाजीवाल्याशी अशा काही भांडल्या की मागे उभा असलेला एक नाटकवाला हसत सुटला आणि त्यानं त्यांना थेट आपल्या नाटकात घेतलं. गोष्ट छानच होती. वीस मिनिटांनी त्यांनी ती पुन्हा सांगितली. तेच हातवारे, तेच हसू. पीयूष चपापला. बाई पदराचं टोक बोटांना गुंडाळत होत्या आणि मधूनच त्याच्याकडे अशा बघत होत्या, जणू आपण कुणाच्या घरी आलोय हे विचारावं की नाही, ते त्यांना ठरवता येत नव्हतं. काहीतरी बिघडलंय हे त्याला स्पष्ट दिसलं. पण मुलाखत तोवर अगदीच फिकी चालली होती. त्यांनी तिसऱ्यांदा सुरुवात केली तेव्हा त्यानं त्यांच्याच आवाजात, त्यांच्याच हातवाऱ्यांनी गोष्ट पुरी करून टाकली. कॅमेऱ्यामागची माणसं फिदीफिदी हसली. बाईंनी कौतुकानं त्याच्याकडे पाहिलं.

"अरे, तुझ्याही बाबतीत असंच झालं होतं?"

तेवढा दीड मिनिटाचा तुकडा पीयूषनं वेगळा काढून इंटरनेटवर चढवला. आठवड्याभरात तो सगळ्या गुजरातेत फिरला. बाईंना ‘सूरणवाळां काकी’ हे नाव पडलं. पीयूषला पुन्हा बोलावणी येऊ लागली.

मग आकांक्षाचा फोन आला. ती ओरडली नाही. आई सकाळी बागेत गेली की पोरं तिला अडवतात, ‘काकी, सूरण लेवुं छे?’, सुरण घ्यायचंय का, म्हणून विचारतात. ती आनंदानं सगळी गोष्ट सांगते आणि पोरं ती मोबाइलवर उतरवून घेतात, असं आकांक्षानं सांगितलं. आईचं बाहेर जाणं बंद करावं लागलं होतं. डॉक्टरांनी आजाराचं नावही सांगितलं होतं. पीयूषनं त्याच तासाला तो तुकडा काढून टाकला, पण तोवर तो हजार ठिकाणी गेला होता.

माफी मागायला तो घरी गेला. बाई सोफ्यावर बसून तोच तुकडा बघत होत्या. त्यांनी त्याला ओळखलं नाही. विसरभोळ्या बाईची भूमिका आपण बरी वठवली आहे, असं त्यांनी त्याला सांगितलं, आणि पडद्यावरच्या पीयूषवर बोट ठेवलं.

"हा पोरगाही वाईट नाही. घाई फार करतो. समोरच्याला वाक्य पुरं करू द्यावं."

पीयूषनं मान हलवली. पाठ करून आणलेली माफी न मागताच तो उठला.

दारापर्यंत सोडायला आलेल्या आकांक्षानं विचारलं, "तुम्हाला तेव्हा काहीच कळलं नव्हतं?"

नाही म्हणणं सोपं होतं. "कळलं होतं," तो म्हणाला. "दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हाच."

"वर्षभर एका घरात राहून मला नाही कळलं," ती म्हणाली. "तुमचा व्हिडिओ बघून कळलं." तिनं दार लावून घेतलं.

पीयूषनं पॉडकास्ट बंद केला. दोनदा मंचावर उभा राहून पाहिलं, पण समोरचं कुणी हसलं की त्याच्या तोंडून पुढचं वाक्य निघेना. शेवटी बडोद्याबाहेर सावली गावाजवळच्या एका कारखान्यात, नव्या कामगारांना नियम समजावून सांगायची नोकरी त्यानं धरली. तिथंही लोक त्याला ओळखत. जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी सुरणाच्या गोष्टीची नक्कल करून दाखवी, आणि याला त्यात मजा वाटत असणार असं सगळे धरून चालत.

हिवाळ्यात तो पुन्हा बाईंकडे गेला. आकांक्षानं आत घेतलं, चहा ठेवला; राग धरण्याइतकी ताकद तिच्यात उरलेली दिसत नव्हती. बाई खूप वाळल्या होत्या. पूर्वी तो तुकडा बघून आई खूश व्हायची, आताही थोडं हसू येईल म्हणून आकांक्षानं तो मोबाइलवर लावला. बाईंनी तो कपाळाला आठ्या घालून पाहिला.

"कोण गं ही?" त्यांनी मुलीला विचारलं. "बिचारीला घरी तरी पोचवा कुणी."

आकांक्षानं मोबाइल बंद केला आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. बराच वेळ नळ चालू असल्याचा आवाज येत राहिला. पीयूष बाईंच्या शेजारी बसून होता. त्याला हसवण्याखेरीज काही येत नव्हतं, आणि आता तेही येत नव्हतं. चहा निवून गेला.