चिंचेवरच्या आठ अळंब्या

गारखेड्यात बानाबाईच्या दारावरून जाणारा माणूस थुंकल्याशिवाय पुढं जात नसे. ओसरीवर वाळत घातलेल्या अळंब्या दिसल्या की झालंच. "कुत्र्याच्या छत्र्या! शी!" म्हणत बाया नाकाला पदर लावायच्या. त्याच बाया उघड्या गटाराच्या काठी उभ्या राहून मिटक्या मारत भजी खायच्या, ते मात्र चालायचं.

बानाबाईच्या अळंब्या खायच्या नव्हत्याच मुळी. सडक्या खोडांवर उगवणाऱ्या, लाकडासारख्या कडक, पंख्याच्या आकाराच्या. त्या उन्हात वाळवून ती फळीवर चित्रं रचायची आणि बाहेरगावच्या चार गिऱ्हाइकांना विकायची. करड्या अळंब्यांचा मेंढरांचा कळप व्हायचा, तांबूस तुकड्यांचे तितर. तिचा बाप पोलीस ॲक्शननंतरच्या वर्षांत लासूर स्टेशनच्या माळावर मेंढरं राखायचा. आपलं मेंढरू ओळखू यावं म्हणून तो त्याच्या कानाला दोन खाचा पाडायचा. बानाबाई प्रत्येक अळंबीच्या मागच्या कडेला तशाच दोन खाचा पाडायची.

अशा बाईच्या ओसरीवर एक दिवस नानासाहेब येऊन बसले. जुने जमीनदार; निम्म्या गारखेड्याचे प्लॉट त्यांनीच पाडलेले. त्यांनी अळंबी उघड्या हातानं उचलली, नाकसुद्धा मुरडलं नाही.

"बाई, काय हात आहे तुमचा! नव्या बंगल्याची अख्खी भिंत तुमच्याकडूनच करून घेतो. तोवर आठ मोठ्या अळंब्या सुट्याच द्या."

बानाबाई हरखून गेली. वीस वर्षांत थोरामोठ्याचा हात तिच्या कामाला पहिल्यांदाच लागला होता. तिनं आठ अळंब्या निवडून दिल्या, चहा केला आणि न विचारता सगळी माहितीही दिली. "ज्या झाडाला ही आली ना साहेब, ते आतून सडलं म्हणून समजा." नानासाहेबांनी ते नीट ऐकून घेतलं.

पंधरा दिवसांनी त्यांनी तिला आपल्या प्लॉटवर बोलावलं. मधोमध चिंच उभी होती, तिघांच्या कवेत न मावणारी, हिरवीगार. खाली झाडं तोडायची परवानगी देणारे साहेब वही उघडून थांबले होते. झाड सडलेलं असल्याशिवाय परवानगी मिळणार नव्हती. आणि चिंचेच्या बुंध्यावर आठ अळंब्या दिसत होत्या.

"बानाबाई, सांग साहेबांना," नानासाहेब म्हणाले. ओसरीवरचं 'तुम्ही' केव्हाच गळून पडलं होतं. "ही आली म्हणजे झाड सडलं. तूच म्हणालीस ना? सांग, म्हणजे भिंतीच्या कामाला लागू."

बानाबाईनं जवळ जाऊन एका अळंबीच्या मागं बोट फिरवलं. दोन खाचा. तो उघडा हात, तो चहा, आपण हरखून केलेली बडबड. तिला नानासाहेबांची किळस आली आणि त्याहून जास्त स्वतःची. नुसतं 'व्हय' म्हटलं की भिंत तिची होती.

"उगवली असती तर सडलंच असतं," ती म्हणाली आणि तिनं अळंबी हिसका देऊन उपटली. मागून बोटभर लांब खिळा निघाला, सालीच्या रसानं ओला. "ह्या माझ्या हातच्या हायेत, साहेब. ही बघा माझी खूण."

"कुत्र्याच्या छत्र्या गोळा करणारी बाई! हिला काय कळतंय?" नानासाहेब खेकसले. साहेबांनी वही मिटली.

चिंच वाचली. भिंत गेली आणि नानासाहेबांच्या शब्दावर बाकीची गिऱ्हाइकंही गेली. पण बानाबाईचा जीव त्या आठ भोकांत अडकला होता. तिनं उरलेले सात खिळेही काढले, आठही भोकांत मेण भरलं, वरून शेणमाती लिंपली. भोकातून पाणी आत मुरलं की झाडाचं काय होतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या वर्षी श्रावण सरता सरता एका भोकाच्या तोंडाशी अळंबी आली. खरी. सुपाएवढी, केशरी कडेची. इतकी देखणी तिनं जन्मात पाहिली नव्हती. कापून घ्यायला सुरी पिशवीतच होती. बानाबाईनं मान वर करून हिरव्यागार चिंचेकडं बघितलं. मग तिनं नाकाला पदर लावला आणि तिथंच थुंकली.