बँडला खुर्चीवर बसवणारे देवाजी मास्तर

देवाजी मास्तरांची आणि माझी पहिली भेट झाली ती प्रतिस्पर्धी म्हणून. नरखेड तालुक्यातल्या एका लग्नात दोन्हीकडच्यांनी आपापले बँड आणले होते. असे दोन बँड समोरासमोर आले की गाणं राहतं बाजूला आणि कोण कोणाला दडपतो एवढंच लोक पाहतात. मी मुलीकडच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवत होतो. ऐन रंगात माझी रीड, म्हणजे क्लॅरनेटच्या तोंडाची पातळ पट्टी, चिरली आणि वाद्य असं किंचाळलं की अख्खी वरात खो खो हसली. समोरच्या बँडमधले ट्रंपेटवाले गृहस्थ मात्र वाजवायचे थांबले. त्यांनी आपल्या क्लॅरनेटवाल्याच्या डबीतली एक रीड मागून घेतली आणि ती माझ्या हातावर ठेवत म्हणाले, "घे गा, लाव. एकट्यानंच वाजवाले काय मजा हाय?"

ते श्री. देवाजीराव सोमकुंवर. आज त्यांच्या साठीच्या गौरवग्रंथात लिहायला बसलो आणि सगळ्यात आधी ती रीडच आठवली.

पुढे मास्तर नागपुरातल्या एका कापड गिरणीचे बँडमास्तर झाले आणि त्यांनी मलाही तिथे ओढून घेतलं. मास्तर राहायचे त्या प्रताप नगरात तेव्हा घरं विरळ होती. मास्तर संध्याकाळी ट्रंपेट घेऊन बसले की पार पलीकडच्या रस्त्यावरून सायकलने जाणारा माणूस पाय टेकून उभा राहायचा. त्यांचा सूर गोड होता हे तर खरंच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो कधी घाई करत नसे.

आमचा बँड गिरणीच्या स्नेहसंमेलनात गेटवर उभा राहून पाहुण्यांचं स्वागत करायचा. पाहुणे आत गेले की आमचं काम संपलं. मास्तरांना हे फार लागायचं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर त्यांच्या वडिलांनी दुसऱ्याच्या दारात उभं राहून वाजवणं सोडलं होतं, आणि मुलालाही बजावलं होतं की वाजवायचं तर लोक बसून ऐकतील असं वाजव. मास्तरांनी बासरी, सॅक्सोफोन, हॉर्न वाजवणारी माणसं जमवली, आम्हाला खुर्च्यांवर बसवलं आणि बँडचा वाद्यवृंद करायचं मनावर घेतलं. आम्हाला ते अवघड गेलं. वरातीत चालत वाजवणाऱ्याला बसवलं की त्याचे पाय वळवळतात. मास्तर म्हणायचे, "पाय कायले हालवून राहिला? तुले कोणी कुठी घेऊन नाही चाललं."

खूप खेटे घातल्यावर नवे मॅनेजरसाहेब एकदाचे स्टेज द्यायला राजी झाले. तेही कुरकुरतच. "बैंड तो गेट पर ही अच्छा लगता है," असं म्हणून त्यांनी बजावलं की जमलं तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षीपासून पुन्हा गेट. मास्तर तिथून निघाले ते पेढे घेऊनच आमच्याकडे आले.

आणि संमेलन तोंडावर आलेलं असताना मास्तरांचा अर्धा चेहरा लुळा पडला. थंडीच्या दिवसांत गावाहून एसटीने खिडकीशी बसून आले होते. सकाळी चहा घेतला तो ओठाच्या कोपऱ्यातून सदऱ्यावर. धरमपेठेतल्या डॉक्टरांनी सांगितलं की जिवाला धोका नाही, चेहरा बराचसा बरा होईल, पण ट्रंपेटचं काही सांगता येत नाही. ट्रंपेटवाल्याचा ओठ जाणं म्हणजे काय, हे आम्हा बँडवाल्यांना कोणी समजावून सांगायला नको होतं. मास्तरांच्या पत्नी कमलवहिनींनी तर ट्रंपेट पेटीत ठेवून ती माळ्यावर टाकली, मास्तरांच्या नजरेलाही पडू नये म्हणून.

चौथ्या दिवशी मास्तर तालमीला हजर. तोंडावर मफलर, हातात वेताची छडी. म्हणाले, "मी वाजवत नाही. मी फक्त हात देतो. चला." त्यांनी हात वर नेला, खाली आणला, आणि कोणीही वाजवलं नाही.

पुन्हा हात खाली आला. पुन्हा सामसूम. झालं होतं असं की वरातीच्या बँडमध्ये आधी ट्रंपेट उठतं आणि मग बाकीचे त्याच्या मागे लागतात. आम्ही सगळे त्या रिवाजात वाढलेलो. हाताकडे कोणाचं लक्षच नव्हतं, सगळे मास्तरांचा गाल कधी फुगतो ते पाहत होते. ढोलवाले गुलाबराव शेवटी म्हणाले, "मास्तर, तुमी उठल्याबिगर आमाले सुरूच करता येत नाही ना बाप्पा."

मास्तर खाली मान घालून बसले. मला वाटलं, संपलं. मग त्यांनी विचारलं, "मी वाजवाच्या आधी काय करतो?" आणि लगेच स्वतःच म्हणाले, "श्वास घेतो ना गा! तोच घ्या माह्यासंगं. वाजवू नका."

नंतर कित्येक संध्याकाळी आम्ही वाद्यं मांडीवर ठेवून नुसते श्वास घेत होतो. मास्तरांचा हात वर गेला की सगळ्यांनी एकदम आत, खाली आला की एकदम बाहेर. खिडकीतून डोकावणारे गिरणीतले लोक विचारायचे, "बँड हाय का दम्याचा दवाखाना?" आम्ही ओशाळायचो. मास्तर अर्ध्या तोंडानं हसायचे आणि पुन्हा हात वर न्यायचे.

संमेलनाच्या दिवशी आम्ही स्टेजवर खुर्च्यांवर बसलो. मॅनेजरसाहेब पहिल्या रांगेत. मास्तरांनी त्या दिवशी मफलर काढून ठेवला होता. वाकडा चेहरा घेऊन ते हजारो डोळ्यांसमोर तसेच उभे राहिले. हात वर गेला. आम्ही श्वास घेतला, आणि हात खाली आला तेव्हा सगळी वाद्यं एका क्षणी बोलली. एकही सूर मागे राहिला नाही. खरं सांगतो, पहिल्या दोन ओळी मी काय वाजवलं ते मला आठवत नाही, इतकं हायसं वाटलं होतं. कार्यक्रम संपल्यावर गुलाबराव ढोलावर डोकं टेकून रडले. मॅनेजरसाहेब एवढंच म्हणाले, "कुर्सियाँ यहीं रहने दो." बँड पुन्हा गेटवर गेला नाही.

चेहरा पुढे सुधारला. ओठ मात्र पहिल्यासारखा झाला नाही आणि मास्तरांनी त्याचं रडगाणं कधी गायलं नाही. ते शिकवू लागले. शाळाशाळांतून, मुलींनासुद्धा. लोक म्हणत, मुली काय ट्रंपेट फुंकणार? मास्तर म्हणत, "चूल फुंकते तवा कोणी इचारत नाही." ज्याच्याकडे वाद्य नसे त्याला ते कुठून ना कुठून मिळवून देत. त्यांचं स्वतःचं ट्रंपेट तर कधीच घरी नसे.

येत्या सत्कार समारंभात वाद्यवृंदापुढे त्यांची एक विद्यार्थिनी उभी राहणार आहे. मास्तरांना हार घालून पहिल्या रांगेत बसवायचं ठरलं आहे. त्यांना म्हटलं, "मास्तर, तुमी आता निवांत ऐका." तर म्हणाले, "ऐकतो. पण सुरू होईपर्यंत जिवात जीव येत नाही गा." मला ठाऊक आहे, तिचा हात वर जाईल तेव्हा आमच्याबरोबर तेही श्वास घेतील. असाच तो त्यांनी निरोगी छातीनं, आमच्याबरोबर, शंभरी ओलांडेपर्यंत घेत राहावा.