हौदातला हात

नाना पाटावर बसले होते. हात मनगटापर्यंत हौदात. कारंजं बंद, पाणी अगदी स्थिर. मी फाटक वाजवून आत आले तरी त्यांचं लक्ष नव्हतं. ओठ मात्र हलत होते.

मी जळगावात बागेतली कारंजी बसवते. चोपड्याहून नानांच्या सुनेचा फोन आला होता. "नानांनी कारंजं घरीच केलंय, पण मला त्या पाण्याची भीती वाटते हो. एवढ्या उन्हात एक चिमणी तिथे पीत नाही. कुत्रं लांबूनच गुरगुरतं. परवा नणंदेची मुलं येताहेत. तुम्ही नवीन बसवून द्या."

नाना कापसाच्या जिनिंग मिलमधले रिटायर फिटर. जुन्या कूलरचा पंप, पीव्हीसी पाइप, सिमेंटचा हौद, सगळं स्वतः जोडलेलं. त्यांच्या बायकोला, अक्कांना, दारात कारंजं हवं होतं. "करू" म्हणता म्हणता त्या गेल्या, आणि मग कारंजं झालं. खोटं कशाला बोलू, बांधकामाला नाव ठेवायला मला जागा सापडेना.

"नाना, पंप बघते. स्विच बंद आहे ना?"

"बंद शे. पण ती आठेच शे."

"इथेच आहे? कोण?"

"अक्का. हात टाक, पोरी. घाबरू नको."

बोर्डावरचा स्विच खरंच बंद होता. मी हात घातला.

कुणीतरी माझी बोटं धरली. मग मनगट. ओढलं नाही, नुसतं धरून ठेवलं. भर दुपारी माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

"माले रोज अशीच धरस," नाना हसत म्हणाले.

मी हात झटकन काढला आणि स्वतःवरच भडकले. इतकी वर्षं हे काम करून आधी हात आणि मग टेस्टर! टेस्टर पाण्याला टेकवला. दिवा पेटला.

दोन तारांपैकी फेज वीज आणते, न्यूट्रल ती परत नेते. स्विच फेजवर हवा. नानांनी तो न्यूट्रलवर घेतला होता. त्यामुळे स्विच बंद केला की पंप थांबायचा, पण वीज पंपात तशीच उभी. पंपाचं आवरण चिरलेलं, तिथून ती पाण्यात उतरत होती. आमच्या दोघांच्या पायांत रबरी चपला होत्या, म्हणून मुंग्यांवर निभावलं. ओल्या, अनवाणी पायांनी हात घातला असता तर सुटला नसता.

हे मी नानांना सांगितलं. त्यांनी फिटरसारखं नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे ती नव्हती?"

"नाही, नाना."

ते पाण्याकडे वळले. मग हळूच म्हणाले, "थोडं ऱ्हाऊ दे ना."

"पोरं अनवाणी येतील, नाना."

ते उठले आणि स्वतःच्या हाताने मेन स्विच पाडला.

दुसऱ्या दिवशी मी बारा व्होल्टचा पंप बसवला, वायरिंग सुधारलं आणि ईएलसीबी लावला, म्हणजे वीज गळाली की लगेच तोडणारा स्विच. कारंजं छान उडालं. नानांनी हात घातला, वाट पाहिली, पुन्हा घातला.

"नुसतं पाणी शे," म्हणाले आणि हात धोतराला पुसून आत गेले.

स्विच बंद दिसला तरी पाण्याला आधी टेस्टर लावायचा, हा धडा मी घेतला. दिवा पेटला नाही की काम सोपं असतं. तरी नुसतं पाणीच आहे म्हणून क्षणभर वाईट वाटतं.