हे वाक्य माझं नाही

चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत ‘आता कसं दिसतं?’ विचारणाऱ्या वहिनींनी एका म्हाताऱ्या शिंप्यावर श्रुतिका लिहिली, आणि ती चक्क रेडिओवर लागली. शेजारीपाजारी कौतुक करून गेले. वहिनींना मात्र ते पचेना. ऐकताना त्यांना राहून राहून वाटत होतं, इतकं बरं आपल्या हातून कसं उतरेल? नक्की कुणीतरी हात फिरवलाय.

संशय गेला तो थेट नणंदेवर. ती शाळेत भाषा शिकवायची, आणि श्रुतिका टाइप करून तिनंच पाठवली होती. मूळ कागद वहिनींनी कधीच रद्दीत घातलेले. पडताळायचं कशाशी?

रेडिओनं दुसरी श्रुतिका मागितली आणि वहिनींचं घोडं अडलं. एक ओळ लिहायची, तीच खोडायची. नणंदेनं “चहा टाकू का?” विचारलं तरी त्यात काहीतरी मेख दिसायची. नवरा म्हणाला, “छान लिहितेस गं.” म्हणजे हाही सामील!

अखेर जेवताना त्यांना राहवलं नाही. “खरं सांगा वन्सं, माझं लिखाण किती बदललंत?”

नणंदेचा घास हातातच राहिला. “ऱ्हस्व-दीर्घ तेवढं नीट केलं, वहिनी. बाकी बोटसुद्धा लावलं नाही.”

‘असंच म्हणणार,’ वहिनींच्या मनात आलं.

तो चेहरा वाचून नणंद फणकारली, “चला उद्या रेडिओ केंद्रावर. दोघी बसून ऐकू.”

तिथल्या निर्मातीबाईंनी एका लहानशा खोलीत रेकॉर्डिंग लावून दिलं. सुरुवातीला वहिनींचा डोळा नणंदेच्या चेहऱ्यावरच होता. स्वतःच्या वाक्याला हसली की पकडायची! पण हळूहळू पुढचं वाक्य कानावर यायच्या आधी त्यांच्याच ओठांवर यायला लागलं. तेवढ्यात शिंपी गळा काढून म्हणाला, “आयुष्य म्हणजे शेवटी उसवलेली शिवणच!”

“थांबवा!” वहिनी ताडकन उठल्या. “हे माझं नाही. वन्सं, सापडलात!”

निर्मातीबाईंनी नणंदेनं टाइप केलेली प्रत चाळली. “यात हे वाक्यच नाही.” त्यांनी शिंप्याचं काम करणाऱ्या नटाला फोन लावला. तो खुशीत म्हणाला, “मीच घातलं ते! जरा उठाव यावा म्हणून.”

“इतकं बेगडी वाक्य माझं वाटलं तुम्हाला?” नणंद म्हणाली.

वहिनी ओशाळल्या. पण आत कुठेतरी गाठ सुटली. परकं वाक्य आपल्या कानाला लगेच खटकलं, मग बाकीचं सगळं आपलंच की! “पुन्हा लावाल?” त्यांनी हळूच विचारलं.

दुसरी श्रुतिका सावकाश झाली. वहिनी प्रत्येक ओळ मोठ्यानं म्हणायच्या. जीभ अडखळली की ओळ गेली. टायपिंग नणंदेनंच केलं, वहिनी शेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या. मग स्वतः जाऊन प्रत दिली आणि निर्मातीबाईंना बजावलं, “त्याच नटाला घेणार असाल, तर रेकॉर्डिंगला मी समोर बसणार.”