हलव्याचे काटे

साखरेनं आजवर जितकी तोंडं गोड केली, तितकेच कान आमच्या भाऊजींनी साखरेच्या नावानं किटवले असतील. भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान, अमरावतीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. त्यांच्या आईंना विसर पडायला लागला, सून ओळखू येईना, मग पोटच्या मुलालाच त्या ‘मास्तर’ म्हणू लागल्या, तेव्हापासून परदेशी मासिकं वाचून भाऊजींनी हे खूळ डोक्यात घेतलं. मेंदूतल्या पेशींच्या प्रथिनांना म्हणे साखरेचे कण चिकटलेले असतात, त्या खुणेनं पेशी एकमेकींना ओळखतात आणि निरोप देतात. ती साखरच झडली तर? हे ते मोर्शीच्या एसटीत कंडक्टरला सांगत, पंगतीत जिलबी हातात धरून वाढप्याला सांगत आणि पुढची सगळी पानं ताटकळत. राजापेठेतल्या एका वकिलीणबाईंनी हे ऐकून मॅट्रिकला नापास झालेल्या मुलाला रोज शिरा सुरू केला. भाऊजी भडकले, “चहात साखर टाकून अक्कल येत असती, तं आमच्या कॉलेजात काहून नसती आली?” घरचे जावई, म्हणून आम्ही निमूट ऐकायचो.

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला ही सगळी मंडळी आमच्याकडे अकोल्याला आली. भाऊजींच्या आईंना बाकी काही आठवत नसे, पण शेगडीवरच्या परातीत तीळ फिरवत, थेंब थेंब पाक सोडत हलव्याला काटा आणणं त्यांच्या बोटांना पाठ होतं. माझ्या बायकोसाठी हलव्याचा हार त्यांनीच केला. आणि हळदीकुंकवाच्या बायका दारात यायच्या सुमारास, मला समजावण्यासाठी, भाऊजींनी तो हार गरम पाण्याच्या पातेल्यात सोडला.

“हे पाय, काटा गेला. दाना तसाच हाये. आता बाजूच्या दान्यानं याले ओळखावं कसं?”

बायको रडायला लागली. ते पातेलं भाऊजींच्या डोक्यावर उपडं करावं असं मला मनापासून वाटलं. शेवटी नुसत्या हलव्याच्या बाजूबंदांवर सण निभावला.

बायका गेल्यावर आई उरलेला हलवा वाटत आल्या आणि मुलापुढे थांबल्या. “घ्या मास्तर, गोड बोला.”

भाऊजींनी हात पुढे केला, हळूच विचारलं, “मी कोन आहो, माय?”

आईंनी नीट निरखून पाहिलं. “मले नाई माईत. पन बसा नं, जेवून जा.”

भाऊजींनी हलवा तोंडात टाकला नाही. मूठ मिटून तसेच बसून राहिले. त्या एका विषयाला मी इतका विटलो होतो, पण आता त्यांनी तो पुन्हा पहिल्यापासून सांगावा असं फार वाटलं. ताईनं पानावर बोलावलं तेव्हा त्यांनी मूठ उघडली. तळव्याला नुसते तीळ चिकटले होते.